भाऊ फादर व्हायचं म्हणतोय, घरी कोणी नीट बोलत नाहीये. माहितगारांनी सांगा प्लीज

वाडीवरची_ताई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही वसईकडचे कॅथलिक. माझं लग्न झालंय, मी विरारला असते, माहेरी मम्मी पप्पा आजी आणि धाकटा भाऊ. भाऊ २४ चा, मेकॅनिकल डिप्लोमा, ईस्टला एका कंपनीत क्वालिटीला आहे, पगार बेताचा पण ठीक चाललंय. ईस्टरनंतरच्या त्या गुड शेफर्ड संडेला मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) पाचारणावर, म्हणजे देवाने फादर-सिस्टर व्हायला बोलावण्यावर, प्रवचन झालं, तसं ते दरवर्षीच होतं आणि आम्ही दरवर्षी ऐकून सोडून देतो, पण यावेळी घरी येऊन जेवताना ह्याने मटणाची वाटी पुढे सरकवत अगदी सहज सांगितलं की मी वर्षभर विचार करतोय, मला सेमिनरीत जायचंय, फादर व्हायच्या शिक्षणाला. मम्मी रडायला लागली, ते आनंदाने की दुःखाने अजून कळलं नाही. पप्पा काही न बोलता हात धुवून वाडीत गेले ते अंधार पडेपर्यंत पानवेलीला पाणी देत बसले, त्या दिवशी आमची पाण्याची पाळीसुद्धा नव्हती.

आता तीन आठवडे झाले, घरात सगळे त्या विषयाच्या बाजूने चालतात. आजी तेवढी खूश, तिने शेजारी सांगून पण टाकलं.

मला खरंच काही माहीत नाही म्हणून विचारतेय. किती वर्षं लागतात? आपल्या चर्चमधले फादर आणि ते जेझुइट वगैरे फादर यांच्यात फरक काय, त्याने कुठे जायला हवं? त्याच्या बाईकचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत, त्याचं काय? तो मराठी मिडियमचा, सेमिनरीत सगळं इंग्लिशमध्ये असतं म्हणे, जमेल का? आणि मधेच परत आला तर? आमच्या आळीत एकजण परत आलेला, त्याच्याबद्दल लोक अजून बोलतात. मम्मी पप्पांचं म्हातारपण हा तर सगळ्यात मोठा प्रश्न, मुलगा एकच आहे. त्याला हे सगळं विचारलं की तो नुसता हसतो, त्याचा मला जास्त राग येतो.

अर्धा_फादर

ताई, माझं हे नाव मी घेतलेलं नाही, आमच्या आळीने दिलंय, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आलं 😄

मी पाच वर्षं काढली. पहिलं वर्ष तयारीचं, मग पुण्यात फिलॉसॉफी, मग एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) एक वर्ष प्रत्यक्ष काम, आणि थिऑलॉजीला (धर्मशास्त्राला) जायच्या आधी निघालो. कोणी काढलं नाही, माझं मलाच कळत गेलं. ते वर्ष मी आदिवासी पाड्यावरच्या होस्टेलमध्ये होतो, मुलांना शिकवणं, आजारी पोरांना घेऊन हॉस्पिटलला जाणं, सगळं आवडायचं, पण रात्री नऊला सगळे झोपले की खोलीत जी शांतता व्हायची ती मला खायला उठायची. माझ्याच बॅचचा एकजण त्याच शांततेची दिवसभर वाट बघायचा. तो आज फादर आहे, मी दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या प्रार्थना माझ्यापेक्षा भारी होत्या असं काही नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे घरचे लोक समजतात की मुलगा बॅग घेऊन सेमिनरीत गेला म्हंजे फादर झाला. तसं नसतं. आधी 'कम अँड सी'ला बोलवतात, दोन-चार दिवस राहायचं, बोलायचं, परत यायचं. नंतर पण दरवर्षी तुम्हाला विचारतात आणि तुम्ही स्वतःला विचारता. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते ती सांगतो, सेमिनरीत तुमचा एक आध्यात्मिक मार्गदर्शक असतो ज्याच्याकडे मन मोकळं करायचं, आणि तुम्हाला पुढे घ्यायचं की नाही याबद्दल त्याचं किंवा तुमची कुमसार (पापकबुली) ऐकणाऱ्या फादरांचं मत रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) विचारूच शकत नाहीत, चर्चच्या कायद्यातच तसं आहे. त्यामुळे शंका असली तर बोलता येते, लपवावी लागत नाही. हे नसतं तर मी सात-आठ वर्षं नाटक करत बसलो असतो.

दिवस कसा असतो म्हणाल तर साडेपाचला घंटा, प्रार्थना, मिस्सा, लेक्चर, दुपारी बागेत नाहीतर संडास-बाथरूमची ड्युटी, फुटबॉल, परत अभ्यास. वसईची पोरं बागकामात पहिली यायची, एवढंच आमचं नाव.

इंग्लिशचं म्हणाल तर मीही मराठी मिडियमचा. पहिले सहा महिने काँट आणि अरिस्टॉटल माझ्या डोक्यावरून गेले, तिथे मला सिनियर सांगायचे जॉन व्हियानीचं बघ. फ्रान्सचा शेतकऱ्याचा पोरगा, लॅटिन डोक्यात शिरेना, सेमिनरीतून घरी पाठवलेला, तरी १८१५ ला कसाबसा फादर झाला आणि आज सगळ्या धर्मग्रामांच्या फादरांचा तोच आश्रयदाता संत, ४ ऑगस्टला सण. अर्थात व्हियानीचं नाव सांगून कोणी परीक्षेत मार्क देत नाही, मी केटी खाल्लीय.

कॅटेकिझम_टीचर_पापडी

ताई, मी तेवीस वर्षं संडे स्कूल घेतो तर थोडं नीट सांगतो, आधीच्या भाऊंनी छान लिहिलंय पण त्यात फरकाचं राहिलं.

धर्मप्रांतीय फादर म्हणजे आपल्या चर्चमधले. ते बिशपांच्या हाताखाली, एका धर्मप्रांताचे (बिशपांच्या इलाख्याचे). ते ब्रह्मचर्य आणि बिशपांची आज्ञा पाळायचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. म्हणजे त्यांच्या नावावर बँक खातं असू शकतं, वडिलोपार्जित वाडीत हिस्सा असू शकतो. जेझुइट, फ्रान्सिस्कन, सलेशियन हे व्रतस्थ संस्थांचे. ते दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात आणि संस्था पाठवेल तिथे जातात, मग ते गुजरात असो की आफ्रिका. तुमच्या घरी जमीन आहे म्हणून मुद्दाम सांगतो, संस्थेत शेवटची व्रतं घ्यायच्या आधी मृत्युपत्र करून द्यावं लागतं आणि ते सरकारी कायद्यात टिकणारं असावं लागतं. त्यामुळे जमिनीचं काय ते घरात आधीच बोलून घ्या, नंतर भावाभावांत नाही तर काकाकाकांत भांडणं होतात, मी बघितलीत.

म्हातारपणाच्या दृष्टीने बघाल तर धर्मप्रांतीय फादर घराच्या जवळ राहतात. वसई धर्मप्रांत १९९८ ला मुंबईपासून वेगळा झाला, वसईपासून वर डहाणू तलासरीपर्यंत. बदली झाली तरी दोन-तीन तासांत घरी पोचेल, कंपनीने पोराला दुबईला पाठवलं असतं तर कुठे पोचला असता?

वर्षं म्हणाल तर धर्मप्रांतासाठी आठ-नऊ धरून चाला. फिलॉसॉफीची किमान दोन आणि थिऑलॉजीची चार पूर्ण वर्षं मिळून सहा तर हवीतच, त्याच्या आधी तयारीचं आणि मधलं कामाचं वर्ष. जेझुइटांना याहून बरीच जास्त. फादर व्हायला वयाची २५ पूर्ण लागतात आणि डीकन (फादरच्या आधीची पायरी) झाल्यापासून निदान सहा महिने जावे लागतात.

आणि गुरुदीक्षा, म्हणजे फादर करायचा विधी, हा सात साक्रामेंतांपैकी (संस्कारांपैकी) एक. त्याचे तीन टप्पे, डीकन, फादर, बिशप. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन साक्रामेंत आयुष्यात एकदाच, त्यांचा आत्म्यावर शिक्का बसतो तो पुसला जात नाही. म्हणूनच एखादे फादर रोमकडून परवानगी घेऊन संसारात गेले तरी समोर कोणी मरायला टेकलेलं असेल तर ते त्याची कुमसार ऐकून पापक्षमा देऊ शकतात. बिशपांच्या सेमिनरीतून डीकन व्हायच्या आधी मात्र कधीही घरी येता येतं, कोणाची परवानगी नको. सेमिनरीतून येणं आणि फादरकी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या लोकांना कधी कळणार कोण जाणे.

बाईकचं. हप्ते फेडून जाऊ दे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असेल तर संस्था नोव्हिशिएटला (व्रतांच्या आधीच्या तयारीला) घेऊच शकत नाहीत, आणि बिशपांच्या सेमिनरीतही हे विचारतातच. दीड वर्ष वाट बघण्यात काही बिघडत नाही, उलट तेवढ्यात कळेल पाणी किती खोल आहे.

ठाणेकर_मिलिंद

मी ख्रिश्चन नाही, ऑफिसातल्या एका वसईच्या मित्रामुळे या ग्रुपवर असतो. प्रश्न बावळट वाटला तर माफ करा, पण लग्न का करायचं नाही? आमच्याकडे गुरुजी संसारी असतात, सत्यनारायण सांगून घरी जाऊन पोरांचा अभ्यास घेतात. हा देवाचा नियम आहे की चर्चचा?

कॅटेकिझम_टीचर_पापडी

बावळट अजिबात नाही, पोरं पण हेच विचारतात आणि त्यांचे आईबाप जास्त विचारतात.

चर्चचा नियम. शुभवर्तमानात येशूने पेत्राच्या सासूचा ताप घालवला असं आहे, म्हणजे पेत्र लग्न झालेला. ब्रह्मचर्याचा आग्रह जुना, चौथ्या शतकापासून दिसतो, पण पश्चिमेच्या चर्चमध्ये फादरने केलेलं लग्न लग्नच नाही असं पक्कं झालं ते बाराव्या शतकातल्या लॅटरन परिषदांत, ११२३ आणि ११३९. पूर्वेकडच्या, पोपनाच मानणाऱ्या काही कॅथलिक चर्चमध्ये आजही लग्न झालेला माणूस फादर होतो, फक्त लग्न आधी झालेलं पाहिजे. आणि लांब कशाला, मुंबई आर्चडायोसिसमध्ये कायमचे डीकन आहेत, बायकामुलं असलेले, बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात. मिस्सा आणि कुमसार मात्र त्यांना नाही.

खरं_बोलतो

एकुलता एक मुलगा, तोही कमावता, आणि सगळे इथे कायदा समजावतायत. ताई मी स्पष्ट सांगतो. आजकाल मुलं कमी झालीत घरात, पूर्वी सात-आठ भावंडं असायची एक चर्चला दिला तरी चालायचं. आता एकच आहे तोही दिला तर आईबापाने काय करायचं, फादर मिस्साला या म्हणतील, भाकरी करून घालणार नाहीत. आणि अर्ध्या पोरांना मान हवा असतो, पांढरा झगा घातला की म्हातारी माणसं पण उठून उभी राहतात.

अर्धा_फादर

@खरं_बोलतो मानासाठी जाणारा पहिल्या वर्षीच्या संडास ड्युटीतच घरी येतो दादा, माझ्या डोळ्यासमोर दोघं आले. पण एकुलत्या एकाचं तुम्ही बोललात ते खोटं नाही. माझी आई अजूनही कोणी विचारलं की "आमचा आला परत" असं म्हणते तेव्हा तिच्या आवाजात लाज असते की सुटका, मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

एका_फादरची_आय

मी इथे कधी लिहित नाही, सून टाईप करून देतेय.

माझा मोठा फादर आहे. त्याने सांगितलं तेव्हा मीच नको म्हटलेलं, दोन वर्षं मी त्याच्याशी त्या विषयावर बोलले नाही. तुझे पप्पा वाडीत जाऊन बसले ना, आमचे हे विहिरीवर जाऊन बसायचे.

ओर्डिनेशनच्या (गुरुदीक्षेच्या) दिवसाचं सांगते. नाव पुकारलं, तो म्हणाला मी हजर आहे, तोपर्यंत मी ठीक होते. मग तो वेदीसमोर जमिनीवर पालथा पडला, कपाळ लादीला, आणि सगळं चर्च उभं राहून संतांची लितानी म्हणायला लागलं. एकेका संताचं नाव आणि आमच्यासाठी विनंती कर, आमच्यासाठी विनंती कर. मला त्याच्या चपलेचे तळवे दिसत होते, नवीन चप्पल, आदल्या दिवशी मीच आणलेली, तळाला किमतीचं स्टिकर तसंच होतं. मी तेच बघत रडले.

मग बिशपांनी डोक्यावर हात ठेवले. त्यावेळी कोणी काही बोलत नाही, गाणं नाही काही नाही. त्यांच्यामागून जमलेले सगळे फादर एकेक करून येतात आणि हात ठेवतात, रांगच लागते, पंखे फिरल्याचा तेवढा आवाज. मग मोठी प्रार्थना झाली, झगा चढवला आणि त्याच्या तळहातांना तेल लावलं, ते पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वाद देतात ते, वास येतो त्याला. ते हात एका पांढऱ्या कपड्याला पुसले आणि नंतर तो कपडा त्याने मला दिला. जुनी पद्धत आहे ती, सगळीकडे करत नाहीत. तो कपडा आईने ठेवायचा आणि ती गेली की तिच्या हातात गुंडाळून पेटीत ठेवायचा. माझ्या लग्नाच्या लुगड्यात ठेवलाय कपाटात, सुनेला जागा दाखवून ठेवलीय.

आणि भाकरीचं म्हणाल तर माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तोच आठ दिवस हॉस्पिटलात झोपला, धाकटा तेव्हा जहाजावर होता. कोण कोणाला करतो ते आधी सांगता येत नाही.

सिस्टर_मराठवाड्यातून

ताई, मी पण वसईचीच, आता जालना जिल्ह्यात गावोगाव बायकांच्या बचत गटांचं काम करते. दोन गोष्टी.

वर मृत्युपत्राचं आलं ते बरोबर आहे, मी पण केलंय, माझ्या नावावर होती एक शिलाई मशीन ती बहिणीला 🙂 पण बरेच लोक सिस्टरांचं "ओर्डिनेशन" झालं म्हणतात ते चूक आहे. आमचा साक्रामेंत नाही, आमची व्रतं. आधी नोव्हिशिएट, मग तात्पुरती व्रतं ती परत परत घ्यायची, निदान तीन वर्षं, आमच्याकडे सहा, आणि मग कायमची. बायकांना गुरुदीक्षा नाही, १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं पक्कं लिहून ठेवलं, त्यावर माझं मत इथे लिहित नाही. पण एक बोलते. भावाच्या ओर्डिनेशनला बँड, मांडव, हजार माणसांचं जेवण, आणि त्याच घरातल्या मुलीच्या शेवटच्या व्रतांना सहाजण ट्रेनने येतात, डब्यात फुगे (खायचे, तळलेले) घेऊन. मला त्या फुग्यांची पण चव लक्षात आहे म्हणा.

दुसरं, फादर म्हणजेच पाचारण असं तुमच्या भावाने धरू नये. ब्रदर पण असतात, व्रतं घेतलेले पण फादर नसलेले. आपले गासच्या चर्चचे संत गोन्सालो गार्सिया कोण होते? वसईत जन्मलेले, जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथे भाषा शिकले, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं राबले, पण जेझुइटांनी त्यांना संस्थेत घेतलं नाही. मग व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मेले आणि १८६२ ला संत झाले. कधी मिस्सा अर्पण केला नाही त्यांनी. मेकॅनिकलवाला मुलगा आहे, टेक्निकल शाळा चालवणाऱ्या संस्थांना असा ब्रदर मिळाला तर ते नाचतील.

खरं_बोलतो

आयने लिहिलंय त्यापुढे मी काही बोलत नाही. पण जबरदस्तीचं काय? काही घरांत आजी आजोबांनी नवस बोललेला असतो, पोरगा जन्मायच्या आधीच.

कॅटेकिझम_टीचर_पापडी

नवसाने कोणी फादर होत नाही. दीक्षेच्या आधी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही करून द्यावं लागतं की मी हे माझ्या मर्जीने, मोकळेपणाने घेतोय. बऱ्याच ठिकाणी लग्नासारखं चर्चमध्ये नावही पुकारतात, कोणाला काही माहीत असेल तर सांगा म्हणून. आणि जबरदस्ती करणं जसं मना आहे तसंच लायक मुलाला अडवणंसुद्धा, हे एकाच ओळीत लिहिलंय कायद्यात. पप्पांना लगेच दाखवू नका ते 😅

त्यांना त्यापेक्षा फादर दिब्रिटोंची आठवण करून द्या. वाडीवाला माणूस असेल तर हरित वसईचं आंदोलन त्यांनी बघितलेलं असणारच. एक फादर जमिनी आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरले, 'सुवार्ता' मासिक चालवलं, २०२० ला उस्मानाबादला ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मुलगा फादर झाला म्हणजे वाडीपासून तुटला असं काही नसतं.

वाडीवरची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, आयचं लिहिलेलं मी मम्मीला मोठ्याने वाचून दाखवलं, चपलेच्या स्टिकरपाशी ती हसली आणि मग परत रडली पण यावेळी कशाने ते कळलं.

काल रविवारी घरी गेलेले. भाऊ म्हणाला बाईकचे हप्ते संपेपर्यंत नोकरी करतो, तोपर्यंत मे महिन्यातल्या 'कम अँड सी'ला जाऊन येतो, चारच दिवस आहेत. ब्रदरचं मी सांगितलं तर पहिल्यांदाच तो हसला नाही, विचारात पडला. हरित वसईचं काढलं तर पप्पा म्हणाले मी होतो त्या मोर्चात, तुझ्या जन्माच्या आधी, एवढंच. मग जेवण होईपर्यंत गप्प. हात धुवायला उठले आणि दारातून भावाला विचारलं, तिकडे मासे मिळतात का. तीन आठवड्यांत त्या विषयावर पहिलं वाक्य.

@अर्धा_फादर तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?

अर्धा_फादर

शुक्रवारी हमखास, मटण नसतं ना त्या दिवशी. पण कालवण एकदम पातळ आणि मासा शोधावा लागतो. बोंबलाचं लोणचं बरोबर द्या, दोन बरण्या, एक रूममेट लोकांची.